नवशिक्यांच्या रांगेत ताई

ताई शहराच्या बस डेपोत वेळापत्रकं आखायची. चौतीस मार्गांवरची कुठली बस कुठल्या चौकात किती वाजता असेल, हे तिनं झोपेतही सांगितलं असतं. त्यामुळे दर हिवाळ्यात मित्रमंडळींची बर्फावरची सहल ठरवायचं काम आपसूकच तिच्याकडे आलं होतं, आणि अकरा वर्षं तिच्याकडेच राहिलं होतं. नाश्ता किती वाजता, डोंगरावर नेणारी कुठली खुर्च्यांची लिफ्ट किती वाजता, दुपारी कुठल्या उतारावर, सगळं एका तक्त्यात. मंडळी हसायची, पण तक्त्याप्रमाणेच वागायची, कारण त्यात चूक म्हणून निघत नसे. शिवाय ताई स्की फार सुंदर करायची. तिचा नवरा आणि त्यांचा जुना मित्र सुतार, दोघेही तिच्या मागे धापा टाकत खाली पोचायचे.

यंदाही नोव्हेंबरच्या एका रविवारी तिनं सगळ्यांना घरी बोलावलं. सुतारानं या वेळी सासऱ्यांनाही आणलं होतं. सासरे निवृत्त दंतवैद्य, वय पासष्ट. बर्फावर आयुष्यात पाय ठेवलेला नाही. "चाळीस वर्षं दुसऱ्यांना घाबरवलं, आता जरा स्वतः घाबरून बघतो," म्हणून हटूनच बसले होते.

तेवढ्यात ताईची धाकटी बहीण आली. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि भाऊजींच्या चष्म्याची नवी काडी बसवून द्यायला आली होती. तिनं टेबलावरचा कागद पाहिला, चष्मा भाऊजींच्या हातात दिला आणि म्हणाली, "मलाही यायचंय."

सुतार बिनसाखरेचा चहा ढवळायला लागला.

तीन वर्षांपूर्वी धाकटी एकदा आली होती. पहिल्या सकाळी ताईनं तासाभरात शिकवणं उरकलं आणि तक्त्यात 'अकरा वीस, वरची लिफ्ट' होतं म्हणून तिला थेट वर नेलं. अर्ध्या उतारावर धाकटी जागच्या जागी थिजली. बाकीची मंडळी खोळंबली होती. ताई म्हणाली, "इथंच थांब. यांना खाली सोडते आणि लगेच येते." ती खाली पोचली आणि वारा सुटला म्हणून लिफ्ट बंद झाली. धाकटी पन्नास मिनिटं एकटी उभी राहिली. शेवटी तिनं स्की काढल्या, काखोटीला मारल्या आणि बसून, सरपटत, रडत खाली आली.

पुढे घरात त्याचा किस्साच झाला. "आमची धाकटी अख्खा डोंगर बसून उतरली," असं ताई चारचौघांत रंगवून सांगायची. धाकटीही हसायची. सहलीला मात्र पुन्हा आली नव्हती.

"ये की!" ताई जरा जास्तच उत्साहानं म्हणाली. "तुझ्यासाठी वेगळा तक्ता करते."

"तक्ता मी करणार."

"तू?"

"मी. आणि नवशिक्यांच्या वर्गात तूही बसायचंस."

सुतार खो खो हसला. "अगं, ही वर्गात बसून काय करणार? शिकवणाऱ्यालाच शिकवून येईल."

"स्कीवर नाही, स्नोबोर्डवर. तू त्या एका फळीवरून घसरतोस ना, तसं," धाकटी सुताराला म्हणाली. " तो तिनं कधी पायाला लावलेला नाही."

ताईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा नवीन काडी कानावर नीट बसते का ते तपासण्यात गढून गेला होता.

"हे कशाला पण?" ताईनं विचारलं.

"तुला काही येत नसलं की कसं वाटतं, ते तू विसरलीयेस. आणि तो किस्सा सांगताना तू एक वाक्य नेहमी गाळतेस."

कुठलं, ते ताईनं विचारलं नाही.

पुढच्या रविवारी धाकटी तिचा कागद घेऊन आली. दिवसभर गिऱ्हाइकांना "आता नीट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?" असं विचारायची तिला सवय. तशीच ती आठवडाभर एकेकाला फोन करून विचारत होती. तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची धास्ती वाटते? किती वेळात दमता? दंतवैद्यांना लिफ्टमध्ये चढण्याची धास्ती होती. भाऊजींना, त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं पण, तिसऱ्या दिवशी गुडघे दुखायचे आणि तरी ते ताईच्या मागे जायचे. मग तिनं चार लॉजना फोन करून एकच गोष्ट विचारली होती, की शिकायचं मैदान दारापासून किती पावलांवर आहे. जिथं "जिना उतरलात की मैदानच," असं उत्तर आलं ते लॉज तिनं धरलं. नवशिक्यांचे वर्ग आधीच ठरवले. बूट मात्र शहरातच, आदल्या शनिवारी, पायात घालून घ्यायचे होते. दंतवैद्य त्या दिवशी तीन मोजे चढवून आले आणि दुकानदारानं एक पातळ मोजा ठेवून बाकीचे काढायला लावले, तेव्हा कुठे पाय आत गेला.

ताईनं कागद दोनदा वाचला. "बुधवारी दुपारी काहीच नाही?"

"नाही."

"मग करायचं काय?"

"दमायचं. ताई, शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरला चहाला सात मिनिटं देतेस ना तू? त्या वेळी मला तेवढीही नव्हती."

कागदाच्या शेवटी एक नियम होता. ज्याला सोबत हवी आहे, त्याला तो स्वतः 'जा' म्हणेपर्यंत कुणी सोडून जायचं नाही. त्याखाली सगळ्यांनी सह्या केल्या. ताईनंही केली.

जानेवारीत पाचही जण डोंगरात पोचले. सोमवारी सकाळी ताईचा नवरा आणि सुतार वरच्या लिफ्टकडे गेले, आणि ताई दंतवैद्यांच्या शेजारी बर्फात बसून बोर्डाचे पट्टे आवळू लागली. पलीकडे दोरी लावून स्कीचा वर्ग चालला होता. त्यात धाकटी होती.

स्नोबोर्ड शिकवणारी मुलगी ताईच्या निम्म्या वयाची होती. "टाचांवर भार द्या, गुडघे वाकवा, आणि पायांकडे बघू नका, काकू."

'काकू' ऐकून ताईच्या कपाळावर आठी उमटली. ती उभी राहिली आणि दुसऱ्याच क्षणी माकडहाडावर आपटली. पुन्हा उभी राहिली, या वेळी तोंडावर. स्कीवर तिचे पाय वेगवेगळे चालत. इथं दोन्ही एकाच फळीला जखडलेले, आणि तोंड पुढे न राहता बाजूला. वीस वर्षांत शरीराला जे जे कळलं होतं, ते सगळं आता उलटं सांगत होतं. दंतवैद्य पडत होते, पण हसत पडत होते, आणि दुपारपर्यंत टाचांवर तोल धरून चक्क वीस-पंचवीस पावलांएवढं घसरत गेले.

"छान, आजोबा!" मुलगी ओरडली.

ताईला कुणी छान म्हटलं नाही. त्या संध्याकाळी तिला खुर्चीत नीट बसताही येईना. नवऱ्यानं न विचारता उशी आणून दिली.

मंगळवारी लख्ख ऊन पडलं. रात्रीत ताजा बर्फ झाला होता आणि वरचे उतार कोऱ्या चादरीसारखे दिसत होते. अकरा वाजेपर्यंत ताई सतरा वेळा पडली. विश्रांतीला वर्ग थांबला तेव्हा ती बोर्ड काखेत घेऊन भाड्याच्या सामानाच्या दुकानात गेली, तिथून स्की आणि त्यांचे बूट घेतले आणि कुणाला काही न सांगता लिफ्टमध्ये बसली.

खुर्ची वर जाताना पायाखालून शिकायचं मैदान सरकत गेलं. दोरीपाशी धाकटीचं पिवळं हेल्मेट दिसलं. ती आपल्या रांगेतून बाहेर येऊन बोर्डवाल्यांकडे बघत होती. मग तिनं दंतवैद्यांना काहीतरी विचारलं. दंतवैद्यांनी नाही म्हणून मान हलवली.

ताई वर उतरली. उतार नेहमीसारखाच सुरेख होता. तिचं मन मात्र त्यात रमलं नाही. दहा मिनिटांत ती खाली होती, आणि आणखी पाच मिनिटांत बोर्ड घेऊन मैदानात.

"कुठे गेली होतीस?" धाकटीनं विचारलं.

थाप मारणं सोपं होतं. स्वच्छतागृहात, मोजे बदलायला, काहीही चाललं असतं. "वर," ताई म्हणाली. "स्की घेऊन. मला सहन होईना इथं."

कडेला एक लाकडी बाक होता, त्यावर धाकटी बसली. ताईही तिच्या शेजारी, जपून, एका अंगावर बसली.

"'लगेच येते' असं म्हटलं होतं मी," ताई म्हणाली. "ते वाक्य गाळते."

"हो."

"आणि तुला माहीत नाही ते पण सांगते. लिफ्ट बंद झाली तेव्हा मी चालत वर यायला हवं होतं. निदान बचाव पथकाच्या माणसांना तरी सांगायचं. मी नाही सांगितलं. कँटीनमध्ये बसले होते. सूप घेतलं."

धाकटीनं गॉगल वर केला. "सूप?"

"माझ्या आखणीत चूक झाली, हे परक्या माणसाला सांगायची लाज वाटली. वाटलं, होईल लिफ्ट सुरू. मग तू रडत आलीस, आणि मला काही सुचेना, म्हणून मी हसले. पुढे तेच सांगत राहिले."

धाकटी उठली, स्की पायात अडकवल्या आणि आपल्या रांगेत निघून गेली. जेवणाच्या वेळी ती दंतवैद्यांशी बोलली, भाऊजींशी बोलली, ताईशी नाही. दुपारचा वर्गही तसाच गेला. ताई पडत होती, उठत होती, आणि दोरीपलीकडे बघत होती.

दिवस कलताना दोघी जिन्यापाशी बूट झटकत होत्या.

"सूप कसलं होतं?" धाकटीनं अचानक विचारलं.

"टोमॅटोचं."

"चांगलं होतं?"

"अळणी होतं."

"बरं झालं," धाकटी म्हणाली, आणि ताईच्या बुटाची अडकलेली कडी खाली वाकून तिनं सोडवून दिली.

बुधवारी दुपारी ठरल्याप्रमाणे कुणी काहीही केलं नाही. भाऊजी गुडघ्याला शेक घेत पडले, सुतारानं लॉजचा कुरकुरणारा दरवाजा न सांगता दुरुस्त केला, आणि दोघी बहिणी खिडकीशी तासभर पत्ते खेळल्या. ताईला आधी चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं, मग झोप लागली. अकरा वर्षांत सहलीतली तिची ती पहिली वामकुक्षी.

गुरुवारी तिचा टाचेवरचा तोल बसला. ती उतार आडवा कापत जाऊ लागली, पण वळणं काही जमेनात. पंज्यांवर भार टाकायचा म्हणजे उताराकडे पाठ करायची, आणि तिथंच ती घाबरून खाली बसायची. आपण धाडसी आहोत, असं ती आजवर समजत होती. सवय होती ती नुसती, हे आता तिच्या ध्यानात आलं.

शुक्रवारी, शेवटच्या दिवशी, मधल्या टप्प्यावरून निघणाऱ्या लांब, सोप्या उतारावर पाचही जण एकत्र गेले. लिफ्टच्या खुर्चीत दंतवैद्य डोळे गच्च मिटून सुताराचा दंड धरून बसले होते.

"आता कळलं, माझ्या खुर्चीत लोकांचं काय होत असेल," ते पुटपुटले.

उतरताना ताई घसरून पडली आणि दोन मिनिटं लिफ्ट थांबवावी लागली. मागच्या खुर्च्यांवरचे लोक बघत राहिले. तिला वाटलं होतं तेवढी लाज वाटली नाही.

भाऊजी आणि सुतार सावकाश पुढे निघाले. त्यांच्या मागोमाग दंतवैद्य, प्रत्येक पन्नास पावलांना बैठक मारत. धाकटी ताईच्या बरोबरीनं राहिली. स्कीची टोकं जवळ आणून, पाचरीसारखी धरून, ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लांबलचक वळणं घेत होती. पहिल्या वळणावर तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, तिसऱ्या वळणावर सैल झाले. पाचव्या वळणानंतर ती थांबली आणि खाली पसरलेल्या रुंद, मोकळ्या उताराकडे बघत राहिली.

"ताई, मी पुढे जाऊ का?" तिनं विचारलं. "जरा जोरात जाऊन बघायचंय."

ताईला हसू फुटलं. "जा! जा गं, लवकर जा!"

धाकटीनं स्की सरळ केल्या आणि ती निघालीच. मध्ये एकदा तिचा हात हवेत गेला, आता पडते की काय असं वाटलं, पण ती सावरली आणि एक मोठी आरोळी ठोकत खालच्या झाडांच्या आड दिसेनाशी झाली.

ताई उतारावर एकटी उरली. वारा नव्हता. ती निघाली, आडवी, टाचांवर, आणि कड आली तेव्हा नेहमीसारखी बसली नाही. खांदा वळवला. बोर्डाचं टोक खाली वळलं, आणि मग पंज्यांखाली बर्फ करकरला. समोर डोंगर होता, पाठीशी दरी, आणि ती उभी होती. लगेच तिनं उलट्या बाजूनं टाचांवर दुसरं वळण घेतलं. जमलं.

"जमलं!" ती ओरडली.

थोडं खाली, उताराच्या कडेला, दंतवैद्य बर्फात फतकल मारून बसले होते. ताई घसरत त्यांच्यापाशी पोचली आणि कशीबशी थांबली.

"बघितलंत ना?"

"काय ते? मी गॉगल पुसत होतो."

"दोन वळणं घेतली मी! ओळीनं!"

"मग परत घे की," दंतवैद्यांनी गॉगल डोळ्यांवर चढवला आणि हाताची घडी घातली. "आता बघतो."

ताईनं गुडघे वाकवले आणि बोर्डाचं टोक पुन्हा उताराकडे वळवलं.