टेप अडकली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. हसू नका. आज तुमच्या खिशातला फोन माझे सगळे काम करतो आणि वर फोटोही काढतो, हे मला ठाऊक आहे. पण एके काळी माझे लाल बटण दाबले की भल्याभल्यांची बोबडी वळायची. तो रुबाब तुमच्या फोनला कधी मिळायचा नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एकीने माझी मोटर बसवली, दुसरीने रबरी पट्टा चढवला आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईने "हॅलो, हॅलो" म्हणून माझा माइक तपासला. मग मी दुकानाच्या फळीवर बसून गाण्यांची स्वप्ने पाहू लागलो. माझे भाऊबंद एकेक करून लोकांच्या घरी गेले आणि दिवसभर गाऊ लागले. मला मात्र चष्मा लावलेल्या एका बाईंनी उचलले. दुकानदाराने हौसेने गाणे लावून दाखवले, तर त्या म्हणाल्या, "गाणं राहू द्या हो. माणसाचं बोलणं हा नीट टिपतो का, तेवढं सांगा." माझा चेहराच पडला. म्हणजे, चेहरा असता तर पडला असता.

बाई इंग्रजी शिकवत, आणि तेही मोठ्या माणसांना. परदेशी नोकरीला किंवा आपल्या माणसांकडे राहायला जायचे, तर आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागे. ऐकणे, वाचणे, लिहिणे कसेबसे जमून जाई. बोलण्यापाशी मात्र घोडे पेंड खाई. परीक्षक समोर बसून एक विषय देतो, दोन मिनिटे बोला म्हणतो आणि वाटेल तेव्हा मध्येच प्रश्न विचारतो. घरी ज्यांच्यापुढे कुणाचे काही चालत नसे, अशी माणसे माझ्यासमोर मुकी होत.

आमचा वर्ग एका छापखान्याच्या वरच्या खोलीत भरे. खाली यंत्र सुरू झाले की बाक थरथरत आणि माझ्या कॅसेटवर सगळ्यांच्या बोलण्यामागे ती धडधड येई. बाईंची शिकवण्याची तऱ्हा मात्र मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. त्या रोज शब्दांच्या एका जातीला सुट्टी देत. आज विशेषणांना सुट्टी, असे त्यांनी फळ्यावर लिहिले की दोन मिनिटे बोलायचे, पण सुंदर नाही, मोठे नाही, चांगले नाही. चुकून एखादे विशेषण आलेच, की बाईंचे बोट माझ्या बटणावर. खट्! मग टेप थोडी मागे न्यायची, तो शब्द ऐकवायचा, आणि बोलणाऱ्याने त्याची जात ओळखून तिथूनच पुढे बोलायचे. उभयान्वयी अव्ययांच्या सुट्टीला 'अँड' आणि 'बट' यांच्यावाचून लोकांचा जीव कासावीस होई.

एकदा एक नर्स वैतागून म्हणाली, "बाई, विशेषणांशिवाय नवऱ्याबद्दल काय सांगू मी?"

"तो काय करतो ते सांगा. क्रियापदं आहेत की."

"काहीच करत नाही तो!"

त्या दिवशी छापखान्याची धडधडसुद्धा हसण्यात ऐकू आली नाही.

बाईंची आणखी एक गोष्ट मला फार आवडे. त्या कुणालाही शब्द पुरवत नसत. बोलणारा अडकला आणि केविलवाण्या नजरेने बघू लागला, की शेजारच्याला पुढचा शब्द सांगायची घाई होई. बाई लगेच ओठांवर बोट ठेवत. मी चालूच असे. माझ्या कॅसेटवर नुसती शांतता भरत जाई. सुरुवातीला मला वाटे, काय ही उधळपट्टी! पुढे कळले, की त्या शांततेतच माणूस शिकत असतो.

अशा वर्गात एक वेल्डर आला. त्याच्या हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग होते आणि शर्टाच्या खिशात कायम एक छोटा पेचकस असे. त्याची बायको परदेशी इस्पितळात काम करत होती, आणि लहानगी मुलगी तिच्याजवळ होती. बोलण्याच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. तिकडे जाण्याच्या परवानगीची मुदत आता संपत आली होती. या खेपेला जमले नाही, तर सगळे पहिल्यापासून करायचे आणि मुलीला आणखी काही वर्षे फोनवरच ऐकायचे. "पोरगी बोलायला शिकली ती तिकडेच, बाई," तो पहिल्या दिवशी म्हणाला. "मी नुसतं फोनवर ऐकलं."

त्याने गाइडमधली सगळी उत्तरे पाठ केली होती. बटण दाबले की सुरू, "माय होमटाउन इज अ व्हेरी ब्यूटिफुल अँड पीसफुल प्लेस…" श्वास घ्यायलाही थांबत नसे. बाईंनी सुट्टी दिलेली सगळी विशेषणे त्याच्याकडे कामावर हजर! बाईंनी खट् केले की तो गप्प. मग घसा खाकरून पुन्हा, "माय होमटाउन इज…" मधूनच पुढे जाणे त्याला येतच नव्हते. वर्गाने त्याचे नाव पोपटराव ठेवले. तोही हसे, पण त्याचे कान लाल होत.

एकदा मात्र त्याला राहवले नाही. "बाई, मध्ये तोडू नका ना. सगळं पाठ आहे माझं."

"तेच तर दुखणं आहे. परीक्षक तोडणारच."

"मग मी बोलू काय? माझं स्वतःचं असं इंग्रजी नाहीच आहे!"

बाईंनी टेप मागे नेली आणि त्याला पुन्हा बोलायला लावले. मला त्याची फार कीव आली.

परीक्षेआधीचा शेवटचा वर्ग होता. तो उभा राहिला, बाईंनी लाल बटण दाबले आणि त्याचे गाव पुन्हा ब्यूटिफुल होऊ लागले. एवढ्यात माझ्या पोटात किरर्र आवाज झाला. माझा रबरी पट्टा म्हातारा होऊन सैल पडला होता. एक चाक फिरे, दुसरे फिरेना, आणि कॅसेटमधली टेप भलत्याच रुळाभोवती गुंडाळली गेली. बाई झाकण उघडून ती ओढणार, तोच तो वेल्डर धावला.

"नो, नो! नो पुल! टेप विल ब्रेक!"

त्याने मला उपडे केले आणि पेचकस काढला. बाईंनी ओढायला पुढे केलेला हात मागे घेतला. मग सहज विचारावे तसे त्यांनी इंग्रजीत विचारले, काय करताय? त्याने मान वर न करता इंग्रजीतच सांगितले, मागचे झाकण उघडतोय. का बंद पडला? "बेल्ट इज लूज. मोटर टर्न्स, धिस व्हील डझंट टर्न. सो टेप गोज… गोज…" तो अडकला. खोलीत कुणी हूं की चूं केले नाही. "…गोज अराउंड द राँग व्हील."

बाई विचारत गेल्या. हे कुणी शिकवले? मामाने. पहिले काम कोणते? एका जहाजाचे. घाई केली तर काय होते? जोड वरून छान दिसतो, पण आतून तडकतो. बाई मुद्दाम त्याला मध्येच तोडत. तो थांबे, उत्तर देई आणि राहिले तिथून पुढे सांगू लागे. सांगता सांगता त्याने टेप अलगद सोडवली, पेन्सिल घालून कॅसेट गुंडाळली, आणि पट्ट्याच्या जागी पाकिटाभोवतीचे रबर चढवले. मग त्याने मान वर केली. सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता.

"किती वेळ बोललात, माहीत आहे?" बाई मराठीत म्हणाल्या.

"मी? मी कुठं बोललो? मी तर टेप दुरुस्त करत होतो."

"इंग्रजीत दुरुस्त केलीत."

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ऐकवा ना, बाई." पण मी काय ऐकवणार? मी तर पाठ उघडी टाकून पडलो होतो. त्या खोलीत बोलले गेलेले सर्वांत सुंदर इंग्रजी माझ्याकडे नाही, ही खंत मला अजून आहे. त्या रबराने मी जरा संथही झालो. सरावाच्या कॅसेटमधली इंग्रज बाई तेव्हापासून पुरुषी आवाजात बोलू लागली.

निकाल घेऊन तो धापा टाकत जिना चढून आला. हवे होते तेवढेच गुण पडले होते, रतीभरही जास्त नाही.

"परीक्षकानं मध्येच तोडलं, बाई. विचारलं, हे काम का आवडतं. मला शब्दच येईना. वाटलं, गेलं सगळं. पण तो थांबला हो, तुमच्यासारखा. मग आला शब्द."

"कोणता?"

"ते आता आठवत नाही."

तो परदेशी गेल्यावर काही दिवसांनी त्याचा फोन आला. बाईंनी फोन माझ्याजवळ धरला आणि लाल बटण दाबले. तो आवाज मात्र माझ्याकडे आहे. "पोरगी आईच्या मागं लपली, बाई. बायको म्हणाली, अगं जा, बाबा आहे ना तुझा. मी म्हटलं, राहू दे तिला. तिथंच बॅगेवर बसलो. काही बोललो नाही. बऱ्याच वेळानं आली, आणि माझ्या हातावरचे डाग मोजायला लागली. इंग्रजीत मोजत होती. मीपण मोजले तिच्याबरोबर."

आता वर्गात फोन आले आहेत आणि मी कपाटावर बसून असतो. कधीमधी बाई स्पिरिटचा बोळा फिरवून मला पुसतात आणि त्याच्या फोनची तेवढी कॅसेट लावतात. बाकी माझ्यावर धूळ असते, ती असू दे. मित्रांनो, माझे मागणे वेगळेच आहे. कुणी तुमची भाषा शिकत असेल आणि बोलता बोलता अडला, तर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. हसू नका, घड्याळाकडे बघू नका. त्याच्यासाठी थोडे थांबा.