एक खाच मागे

रमाकांत बर्व्यांनी क्लच दाबून स्टिअरिंगच्या हँडलखालचा गिअर पहिल्यात टाकला, तेव्हा गाडीने असा काही आवाज काढला की फाइव्ह गार्डन्सच्या कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी वर्तमानपत्रं खाली केली. दुसऱ्या प्रयत्नाला गिअर पडला. गाडीने एक उडी मारली आणि पुढे उभ्या असलेल्या अजित सामंतांच्या फियाटच्या मागच्या बंपरला जाऊन टेकली.

लागलं कुणालाच नाही. बंपरवर साधा चरासुद्धा उठला नाही. पण चाकोरी क्लबचे सगळे सभासद हातातले चहाचे ग्लास तसेच धरून गप्प उभे राहिले, आणि ते गप्प राहणं रमाकांतरावांना फार लागलं.

चाकोरी हा जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांचा क्लब. गिरगावापासून दादरपर्यंतच्या हौशी मंडळींना गोळा करून रमाकांतरावांनीच तो काढला, नावही त्यांनीच ठेवलं, आणि बँकेतून निवृत्त झाल्यापासून तर त्यांचा सगळा दिवस त्यातच जायचा. महिन्यातल्या एका रविवारी फेरी. कुठल्या रस्त्याने जायचं, कोण कुणाच्या मागे राहील, जादा फॅनबेल्ट कोण आणणार, पोलिसांना आधी कोण भेटून येणार, सगळं तेच ठरवायचे. क्लबात जवळजवळ सगळ्या फियाट. अँबॅसडर एकट्या बर्व्यांची, त्यांच्या वडिलांनी आपल्या सॉलिसिटर साहेबाकडून घेतलेली, साईच्या रंगाची. फियाटवाले तिला वऱ्हाडाची गाडी म्हणायचे. रमाकांतराव म्हणायचे, माझ्या गाडीत खरंच वऱ्हाड मावतं, तुमच्यात नुसते नवरानवरी बसले तरी भांडण होतं.

पण अलीकडे दोन वर्षं ही थट्टा बंद झाली होती. रमाकांतरावांची गाडी धक्के खात चालायची, सिग्नलला बंद पडायची, गिअर ओरडायचे. ते अंगाने लहानखुरे. पाठीमागे बैठकीतला लोड घेऊन सीटच्या अगदी कडेवर टेकायचे आणि तरी क्लच पुरता दाबण्यासाठी त्यांना अख्खं अंग डावीकडे घसरवावं लागायचं. त्या गाडीची पुढची सीट एकसंध, बाकासारखी, या दारापासून त्या दारापर्यंत. त्यामुळे शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी आनंदीबाईही तितक्याच मागे. सीट उंच, आणि गाडीचा तळ पुढे जिथे वर चढत जातो तिथवर त्यांचे पाय पोचायचे नाहीत. झोपाळ्यावर बसल्यासारख्या त्या पाय अधांतरी ठेवून दादरपर्यंत यायच्या आणि कधी कुरकुर करायच्या नाहीत.

अजित सामंतांनी रमाकांतरावांना झाडाखाली बाजूला घेतलं. माणूस भला होता. बंपरचा विषयही त्याने काढला नाही. पुढच्या महिन्यात क्लबचा वर्धापनदिन, रस्त्याला गर्दी असणार, वगैरे बरंच बोलून झाल्यावर तो खाली बघत म्हणाला,

"गाडी तुमचीच पुढे राहील, रमाकांतराव. फक्त चालवायला अनिश बसेल. तुम्ही शेजारी बसा."

रमाकांतरावांच्या कानशिलांना घाम आला. पुढे कोण चालवणार हे क्लबात आजवर तेच ठरवत आले होते.

"सीट जाम झालीय," ते म्हणाले. "पुढे सरकत नाही. म्हणून क्लचवर पाय पुरत नाही. दुसरं काही नाही."

"मग करून घ्या ना."

"घेतो."

गाडीत बसलेल्या आनंदीबाईंना हे ऐकू गेलं. त्यांनी तोंड दुसऱ्या खिडकीकडे वळवलं.

हे अनिशनेही ऐकलं. अनिश बर्व्यांच्याच वाडीतला, त्यांच्या अवधूतबरोबर वाढलेला. अवधूत हा बर्व्यांचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात, जेवणाचा डबा उघडता उघडता, बसल्या जागी गेला. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. दुखणं नाही, खुपणं नाही, सेवा करून घेणं नाही. आईबापांना रडायलासुद्धा आधी काही दिवस सुचलं नाही, इतकं ते अचानक होतं.

अनिश आणि अवधूत दोघेही ताडमाड, आणि दोघांत उंच कोण हा शाळेपासूनचा वाद. वाडीतल्या नळाच्या भिंतीशी पाठीला पाठ लावून दोघे उभे राहायचे आणि रमाकांतराव डोक्यांवर वर्तमानपत्राची घडी ठेवून निकाल द्यायचे. घडी दर वेळी अनिशच्या बाजूला किंचित कलायची, म्हणजे उंच अवधूत. अनिशने तो निकाल कधी मानला नाही. अवधूतचे केस दाट, त्यामुळे तसं वाटतं, हे त्याचं पालुपद. आता अवधूत नव्हता, तरी क्लबात विषय निघाला की तो तेच म्हणायचा आणि सगळे हसायचे. अवधूतचं नाव बर्व्यांसमोर घ्यायला लोकांना तेवढीच एक वाट उरली होती, म्हणून अनिशने तो वाद जिवंत ठेवला होता.

वर्धापनदिनाच्या आदल्या संध्याकाळी तो वर येऊन आनंदीबाईंकडून गाडीची किल्ली घेऊन गेला. बॅटरीतलं पाणी बघतो म्हणाला. त्यांनी दिली.

सकाळी वाडीच्या तोंडाशी गाड्या रांगेने उभ्या राहिल्या. बोनेटांवर झेंडूचे हार, काचा लख्ख पुसलेल्या, येणारेजाणारे थांबून मोबाइलवर फोटो काढत होते. रमाकांतराव इस्त्रीच्या सदऱ्यात, बगलेत लोड घेऊन खाली आले. अनिशने पुढे होऊन तो लोड त्यांच्या बगलेतून काढून घेतला.

"आज हा लागणार नाही, काका. बसा तर खरं."

त्याने दार उघडून धरलं. रमाकांतराव बसले. पाठ सीटला टेकली, हात हँडलवर नीट आले, पाय क्लचवर गेला आणि क्लच सरळ तळाशी जाऊन लागला.

"जामबिम काही नव्हती," अनिश खुशीत म्हणाला. "तेल घेऊन गेलो होतो, ते वापरावंही लागलं नाही. खटका ओढला आणि एका हाताने सरकली. एकदम तुमच्या मापाने लावलीय."

फियाटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या बाजूने आनंदीबाई चढल्या, पदर सावरून बसल्या, दार लावून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या,

"अहो, पाय टेकले."

रमाकांतरावांनी खाली पाहिलं. आनंदीबाईंच्या चपला गाडीच्या रबरी मॅटवर सपाट टेकलेल्या होत्या.

अवधूत गाडी चालवायचा तेव्हा सीट पार मागे न्यायचा आणि उतरताना ती तशीच ठेवायचा. कॉलेजात असल्यापासूनची खोड. त्यावरून बापलेकांत किती वेळा जुंपली असेल त्याला गणती नाही. सीट पुढे घ्यायला तुझा हात झिजतो का, असं रमाकांतराव ओरडायचे, आणि बाबा, तुम्हीच थोडे वाढा की, असं म्हणून तो जिना चढून जायचा. शेवटच्या रविवारीही त्याने फेरीहून येऊन गाडी लावली आणि सीट मागेच ठेवली. त्याच आठवड्यात तो गेला. पुढे बऱ्याच दिवसांनी रमाकांतराव गाडीत बसले, पाय क्लचपर्यंत पोचला नाही, हात सवयीने खटक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. त्याचे कपडे देऊन झाले होते. टेबल वाचनालयाने नेलं होतं. तो हात काढून घेऊन ते वर गेले आणि बैठकीतला लोड घेऊन आले. आनंदीबाईंनी कशाला म्हणून विचारलं नाही. दोघं त्याबद्दल कधीच बोलली नव्हती.

मागच्या फियाटने हॉर्न दिला. कुणीतरी हिरवा झेंडा हलवला. मागे रांग होती, पुढे रस्ता मोकळा करून धरला होता, आणि रांगेत पहिली गाडी त्यांची. रमाकांतरावांनी गिअर टाकला. तो लोण्यात सुरी जावी तसा गेला.

ठाकूरद्वारहून ऑपेरा हाऊस, तिथून लॅमिंग्टन रोड, भायखळा. गाडी एकदाही अडखळली नाही. लालबागला नेहमीप्रमाणे पुलावरून न जाता खालून जायचं ठरलं होतं, म्हणजे लोकांना गाड्या दिसतात. लोक हात हलवत होते. परळच्या सिग्नलला ते थांबले आणि आनंदीबाई हात का हलवत नाहीत म्हणून त्यांनी शेजारी पाहिलं. त्या दोन्ही हातांनी सीटची कड घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांनी पाय उचलून धरले होते. मॅटपासून वीतभर वर, दोन्ही पाय, थरथरत होते तरी तसेच.

"दुखतील," रमाकांतराव म्हणाले.

त्यांनी पाय खाली घेतले नाहीत. सिग्नल सुटला.

फाइव्ह गार्डन्सला सगळ्यांनी गराडा घातला. अजित सामंतांनी तर मिठीच मारली. माझं चुकलं, तुम्हीच आमचे पुढारी, असं दोनदोनदा म्हणाले. दरवर्षी या दिवशी रमाकांतराव बोलायचे आणि लोकांना हसवायचे. यंदा ते सगळे जमल्यावर उभे राहिले, सगळ्यांकडे पाहिलं आणि चहा घ्या एवढंच म्हणाले.

परत वाडीत गाडी लावली तेव्हा ऊन चढलं होतं. बाकीचे आपापल्या घरी गेले होते. अनिश कव्हर घेऊन उभा होता, पण दोघांपैकी कुणीच गाडीतून उतरेना.

"अनिश," रमाकांतरावांनी विचारलं, "कुठल्या खाचेत होती रे?"

"काय, काका?"

"सीट. तू खटका ओढलास तेव्हा कुठल्या खाचेत होती?"

अनिश हसत काहीतरी सांगायला वाकला आणि त्याची नजर आनंदीबाईंच्या उचललेल्या पायांवर गेली. तो तसाच वाकलेला राहिला.

"त्याची होती ती," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

अनिशला आधी समजलं नाही, आणि समजलं तेव्हा त्याच्या हातातलं कव्हर खाली पडलं.

"मी बघितलंच नाही," तो म्हणाला. "काकू, मी खरंच बघितलं नाही."

रमाकांतरावांना त्याचीच कीव आली. ते उतरले, दार उघडं धरून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस जरा आत. तुझ्या पायाला बरोबर होईल तिथे ने."

अनिश बसला. गुडघे हँडलला अडत होते. त्याने खाली हात घालून खटका ओढला आणि पायांनी रेटा दिला. आनंदीबाईंसकट सीट मागे गेली, एकेक खाच वाजत गेली. पाय मोकळे झाले तिथे तो थांबला. क्लच दाबून पाहिला. बरोबर होता. रमाकांतराव खिडकीशी ओणवे होऊन बघत होते. त्यांना ती जागा जवळजवळ तीच वाटत होती, आणि जवळजवळ तीच म्हणजे ती नव्हे, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मुलगा पुन्हा हातातून निसटल्यासारखं त्यांना झालं होतं.

अनिश हँडलवर हात ठेवून समोर नळाच्या भिंतीकडे बघत राहिला. मग त्याने पुन्हा खटका ओढला.

"अजून एक खाच मागे, काका," तो म्हणाला. "तो माझ्यापेक्षा उंच होता."

खाच वाजली.

 रमाकांतरावांनी खाली पेडलकडे पाहिलं.

"क्लचला पाय पोचतो का तुझा?"

"ताणावा लागतो. पण पोचतो."

"मग आता तूच चालवत जा. मी मागे बसेन. अजितला मी सांगतो."

आनंदीबाईंनी उचलून धरलेले पाय सोडले. ते खाली टेकले नाहीत.