उजव्या फुप्फुसावरची खूण

केसातली पिन स्टीलच्या ट्रेमध्ये पडली तेव्हा तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा झाला — की आज तिचेच कान असे टवकारलेले होते? ट्रेमध्ये आधीच कुणाचं तरी एक कानातलं राहून गेलं होतं, मोत्याचं, छोटंसं. ते विसरलेली बाईही आपल्यासारखीच नवऱ्याकडे निघालेली असेल का, आणि तिच्या एक्स-रेत काय निघालं असेल... "हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, धरून ठेवा," काचेपलीकडून एक्स-रेवाला म्हणाला. तिने गार पाटीला छाती टेकवली. आत काय दिसणार आहे ते या खोलीत फक्त तिलाच ठाऊक होतं.

व्हिसाचा फॉर्म नवऱ्याने भरला होता. लग्नानंतर दोन महिन्यांत तो परदेशी नोकरीवर परत गेला, त्याला आता चौदा महिने झाले होते. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तो प्रश्न वाचत होता आणि ती उत्तरं देत होती. "तू कधी कुठलं सरकार उलथवायचा प्रयत्न केलायस का?" "अजून तरी नाही." "शस्त्रांचा व्यापार?" "वेळच मिळत नाही." तो इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि त्याच हसण्याच्या भरात त्याने पुढचा प्रश्न वाचला, "क्षयरोग?", आणि तिने त्याच सुरात म्हटलं, "नाही." किती सहज! खोटं बोलायचं असं तिने ठरवलंच नव्हतं. ते हसण्याबरोबर वाहत आलं, आणि तो पुढच्या प्रश्नावर गेलासुद्धा.

क्षय तिला एकोणिसाव्या वर्षी झाला होता. आईने नातेवाइकांना टायफॉइड सांगितला, कॉलेजात टायफॉइड कळवला, आणि वर्षभरात घरातही सगळे टायफॉइडच म्हणू लागले. कधी कधी तर तिलाही तो टायफॉइडच आठवायचा. पण नऊ महिन्यांच्या त्या गोळ्या — उपाशी पोटी, एकही न चुकवता, परीक्षेच्या दिवशीसुद्धा. मी काय लपवलं? मी तर बरी झाले होते... बरं झालेलं कुणी सांगत फिरतं का?

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. त्यांनी फिल्म उजेडाच्या चौकटीवर लावली आणि पेनाच्या टोकाने उजवीकडे वर दाखवलं. "इथे जुनी खूण आहे. भरून आलेली दिसते. लहानपणी न्यूमोनिया वगैरे झाला होता का?"

दार उघडंच होतं. न्यूमोनिया म्हणायचं, बाहेर पडायचं, पिन केसात खोचायची. तिने तोंड उघडलंही — आणि तिला त्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा दिसला, जो ती तेव्हा रबर बँड लावून उशाशी ठेवायची, कुणाला दाखवता येत नसे म्हणून स्वतःच पाहायची. आयुष्यात एवढं नेटाने तिने दुसरं काही केलं नव्हतं. त्याला न्यूमोनिया म्हणायचं?

"टीबी झाला होता," ती म्हणाली. "पूर्ण उपचार घेतलेत."

"फॉर्मवर 'नाही' आहे."

"हो."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, पण त्या ओरडल्या नाहीत. "तीन दिवस सकाळी थुंकीचे नमुने द्यावे लागतील, मग कल्चरचे, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते पाहण्याचे, आठ आठवडे. जुने कागद मिळाले तर आणा, उपयोग होईल. आणि फॉर्म दुरुस्त करून घ्या. उशिरा का होईना, तुम्ही स्वतःहून सांगितलेलं बरं. तिकडचे काय ठरवतील, ते मी सांगू शकत नाही."

बसथांब्यावरून तिने आईला फोन केला. जुनी फाईल कुठे आहे, एवढंच विचारलं.

"फाडून टाकली," आई म्हणाली. "तुझं लग्न ठरलं त्याच दिवशी. का गं?... सांगितलंस तू? अगं, न्यूमोनिया म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"आई, त्यात बरी झाल्याचं लिहिलेलं होतं."

"त्यात आजाराचं नावही होतं ना," आई म्हणाली, आणि थोड्या वेळाने, आवाज खाली आणून, "मी काय माझ्यासाठी केलं का सगळं?" आईने तिचा पेला नऊ महिने वेगळा ठेवला होता, आणि तो वेगळा आहे हे पाहुण्यांना कळू नये म्हणून ती स्वतःही तसल्याच पेल्यातून पाणी प्यायली होती.

दुकानात मालकांनी फक्त "झालं का काम?" विचारलं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तिचं मशीन होतं. काचेची कड घासायची, फ्रेममध्ये बसवून पाहायची, पुन्हा किंचित घासायची. दोन काचा झाल्या. तिसरी तिने हातात धरली आणि खाली ठेवली. तिकडे आता सकाळ झाली असेल. तिने नवऱ्याला फोन लावला.

सगळं एका दमात सांगितलं — आजार, टायफॉइड, फॉर्म, फाईल. पलीकडे चहाचं आधण उकळत होतं. त्याने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"फॉर्मखाली माझी सही आहे," तो म्हणाला.

"माहितीये."

"मी आज वकिलांना विचारतो. लांबणीवर पडेल सगळं. रद्दही होऊ शकेल." मग त्याने विचारलं, "मी काय केलं असतं असं वाटलं तुला?"

तू सोडून दिलं असतंस... असं उत्तर तिच्याकडे तयार होतं, आईनेच कधीतरी दिलेलं. पण ते तोंडात येईना. या माणसाला काय वाटेल याचा अंदाज तिने चौदा महिने बांधला होता, आणि त्या अंदाजात हा माणूस कधी नव्हताच, हे तिला आत्ता, मशीनच्या ओल्या पांढऱ्या भुकटीकडे पाहताना कळत होतं.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली.

तो "बरं" म्हणाला. रागाने की थकून, ते कळलं नाही; पण फोन त्याने ठेवला नाही. तिकडे कुणीतरी जिन्यावरून उतरत होतं, एक दार लागलं. ती त्याचा चेहरा मनात आणायला गेली, आणि तो येईना. तिला भीती वाटली, आणि त्या भीतीच्या कडेला कुतूहलासारखंही काहीतरी... कोण असेल हा आपला नवरा? ती फोन कानाला धरून उभी राहिली.