आवणीची रजा

सकाळी सहा वाजता वरवे बुद्रुकच्या एकाच घरात दोन शेगड्यांवर भाकऱ्या होत होत्या. एका खोलीत थोरली जाऊ रत्ना, पलीकडे धाकटी सुलक्षणा. सातला दोघी माळावरच्या कारखान्यात जात. तिथे मोटारींची रबरी सिले तयार होत आणि या दोघी एकाच टेबलावर ती तपासून पेट्यांत भरत. फरक एवढाच, की सुलक्षणा कायम झालेली होती, आणि सतरा वर्षे काम करूनही रत्ना ठेकेदाराच्या यादीत होती.

आता त्या कामासाठी यंत्र येणार होते. कायम असलेल्या आठ बायकांना निघताना दोन दोन लाख मिळणार होते. ठेकेदाराच्या बायकांना शेवटचा पगार, आणि ‘स्वखुशीने काम सोडले’ या कागदावर सही.

“सुलक्षणा त्या पैशावर लेकीला, सुप्रियाला, नर्सिंगला घालनार हाय,” सासू धोंडाबाई म्हणाली. “पोरीचं नशीब उघडलं बघ.”

“व्हय की, आत्याबाई,” रत्ना म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली.

मत्सर हा शब्द तिच्या बाबतीत कदाचित मोठा होईल. ती वाईट बाई नव्हती. पण सुलक्षणाला काम शिकवले होते तिने. कोणते सील बाद करायचे हे अंगठ्याने ओळखायला शिकवले होते तिनेच. त्या अंगठ्याचे एकीला दोन लाख आणि दुसरीला काहीच नाही, हे तिला दिवसभर टोचत राहिले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातला कारकून इंद्रजित मोबाईलवरची बातमी दाखवायला आला. कंपनीचे मोठे साहेबही नोकरीवरून चालले होते. तीन वर्षांत ते कारखान्यात दोनदा दिसले होते. कंपनीने भागधारकांना कळवले होते, की जाताना साहेबांना अकरा कोटी मिळतील.

“काढलं का काय त्यास्नी?” त्यांच्याच टेबलावरच्या भिमाने इंद्रजितला विचारले.

“काढलंय बी आन देत्यात बी. येतानाच तसं लिहून घेतलं हुतं त्यांनी.”

“आगं बया! मग मला रोज काढा की!”

सगळ्या खळखळून हसल्या. रत्नाही हसली. अकरा कोटींनी कुणाच्याच पोटात दुखले नाही. ते फार लांबचे होते. दोन लाख मात्र भिंतीपलीकडे होते.

संध्याकाळी सुलक्षणा दारात आली. “ताई, पैसं आलं की तुमाला चांगलं लुगडं घेनार हाय म्या.”

“मला कशाला गं? हायत की माझ्याकडं,” रत्ना म्हणाली. त्या लुगड्यानेच तिचा तोल गेला.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यातल्या कामगार अधिकाऱ्याच्या खोलीत गेली. “ती सुलक्षणा दर साली आवणीला आजारी पडती. डाक्टरचा दाखला आनती आन माहेरी विंझरला भात लावती.”

तिथल्या सगळ्याच बायका भातलावणीच्या दिवसांत आजारी पडत. त्या रजेला दुसरे नावच नव्हते. रत्नाही पडे. अधिकाऱ्याने मान हलवली आणि आठही जणींचे दाखले मागवले.

गुरुवारी फलकावर नोटीस लागली. खोट्या दाखल्यांमुळे आठही जणींचे पैसे रोखले होते.

त्या दिवशी सुलक्षणा रडली नाही. सुप्रियाने प्रवेशाचा अर्ज घडी घालून फडताळात ठेवला. “कुनी सांगितलं आसंल त्याचं वाटोळं हुईल,” धोंडाबाई म्हणाली. रत्ना खाली बघून तांदूळ निवडत राहिली.

शनिवारी कारखान्यापुढच्या मांडवात मोठ्या साहेबांचा निरोप समारंभ होता. बायकांना नऊवारी नेसून यायला सांगितले होते, आणि ओवाळायचा मान सर्वांत जुनी म्हणून रत्नाला दिला होता. अधिकारी भाषणात म्हणाले, “साहेबांनी आपल्यासाठी रात्रीचा दिवस केला.” साहेब खुर्चीत हसत बसले होते. रत्ना ताट घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. तिचा हात वर जाईना.

“साहेब,” ती म्हणाली, “तुमच्या रजा कुनी मोजल्या?”

साहेबांना नीट कळले नाही. त्यांनी अधिकाऱ्याकडे पाहिले.

“आमच्या मोजल्या. म्याच मोजायला लावल्या.” ती मागे वळली. “सुलक्षणा, म्या सांगितलं गं. पोटात दुखलं माझ्या. म्या बी दर साली आवणीला आजारी पडती, माझं बी लिवून घ्या. पर मग ह्या साहेबांचं बी लिवा.”

“ताट फिरवा, बाई,” अधिकारी हळूच म्हणाले.

“न्हाई फिरवनार.” तिने ताट जमिनीवर ठेवले.

सुलक्षणा उठली. आता ही थोबाडीत मारणार, असे भिमाला वाटले. ती रत्नासमोर येऊन थांबली. “तुमाला मी मोठी बहीन म्हनत हुते,” एवढेच म्हणाली आणि मांडवाबाहेर निघून गेली. तिच्यामागून एकेक करत सगळ्या नऊवाऱ्या उठल्या. साहेबांना ओवाळायला कुणी उरले नाही.

साहेबांचे पैसे ठरल्या दिवशी मिळाले. त्यांच्याकडे कुणी दाखला मागितला नाही. आणि आपण? आपणही रोज भिंतीपलीकडच्या माणसाच्या ताटात किती वाढले तेवढेच बघतो. वाढणारे हात आपल्याला दिसतच नाहीत.

सोमवारी सगळ्या बायका एसटीने पुण्याला सरकारी कामगार कार्यालयात तक्रार द्यायला गेल्या. सुलक्षणा रत्नाच्या शेजारी बसली नाही. घरी अजून ती तिच्याशी बोलत नाही. पण अर्ज लिहून झाला तेव्हा तिने पेन रत्नापुढे धरले.

“आधी तुमची सही,” ती म्हणाली. “आन काय झालं ते सगळं सांगा हितल्या साहेबांना. तुमच्या तोंडानं.”

रत्ना खुर्ची पुढे ओढून बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.