एका दिवसाच्या तीन बरण्या

शालूनं सासऱ्यांपुढं, नत्थुजींपुढं तीन बश्या मांडल्या. तिन्हींत लिंबाचं लोणचं, आणि तेही एकाच दिवशी घातलेलं. अकरा वर्षांपूर्वी, नणंदेचं, हर्षाचं लग्न झालं त्या साली, सासूबाईंनी, जमुनाबाईंनी अकोल्याच्या बाजारातून लिंबं आणून एका बैठकीत तीन बरण्या भरल्या होत्या. एक घरी ठेवली, एक चांदूर बाजारला बहिणीला, रागिणीला दिली आणि एक लेकीसोबत अमरावतीला धाडली.

जमुनाबाईंना जाऊन चार महिने झाले. तेव्हापासून नत्थुजींचं जेवण म्हणजे त्या लोणच्याशी अर्धी भाकर, आणि घरची बरणी तर तळाला गेलेली. म्हणून सुनेनं उरलेल्या दोन्ही मागवल्या. हर्षानं आपली बरणी बसमध्ये मांडीवर धरून आणली. तिनं ती कधी उघडलीच नव्हती. आईच्या हातचं संपायला नको म्हणून जिवापाड जपलं होतं बिचारीनं.

म्हातारा चवीचा पक्का. "हे घरचं," पहिली फोड चाखून तो म्हणाला. दुसरी जिभेवर घोळवली. "हे रागिणीकडचं. जरा गोडसर झालं, पन चांगलं हाय."

तिसरी तोंडात घातली आणि त्याचं तोंडच वाकडं झालं. हर्षानं बोट लावून पाहिलं. कडूजहर, वर ओलीचा कुबट वास. अति तिथं माती म्हणतात ते असं.

"अवं, तुही बरनी तं दरसाल उन्हात राहे ना?" शालूनं विचारलं.

दर वैशाखात आईचा फोन यायचा, 'बरनी उन्हात ठेवली काय?' आणि हर्षा 'हो' म्हणून मोकळी व्हायची. माळ्यावर चढून बरणी काढायची कोणी? त्यात फोन ठेवायची घाई. गेलेल्या माणसाशी बोललेलं खोटं आता कोणाकडं कबूल करावं? तिला रडू फुटलं.

"मी खोटं बोलत होती, बाबा. एकबी साल नाई ठेवली."

नत्थुजींनी भाकरीचा तुकडा मोडला. "तिले मालूम होतं."

"मंग दरसाल काहून विचारे?"

"मीबी तेच म्हनो. तं म्हने, बरनीच्या नावानं तरी पोरगी दोन शब्द बोलते."