जमिनीवर पडलेला फासा

पिन अर्धी वर आली होती आणि अर्धी अजून पुस्तिकेच्या पाठीत रुतलेली होती – गंजलेली, वाकडी, आणि भोवती कागदावर एक तांबूस वर्तुळ, मुंगीने चहाचा कप ठेवून उचलला असावा इतपत. तिने नख घातलं, मग कात्रीचं टोक, मग पुन्हा नख. स्कॅनरवर ठेवण्याआधी पिना काढायच्या, नाहीतर काचेवर ओरखडे पडतात, असा नियम होता आणि तो बरोबरच होता. पण ही पिन दादाने मारलेली होती. घरच्या त्या स्टेपलरने, जो एका दमात दोनच पिना मारायचा आणि मग जबडा मिटून बसायचा, आणि दादा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "उठा साहेब, उशीर झालाय"... पिन निघाली. तिने ती टाकून दिली नाही, टेबलाच्या कडेला ठेवली. पुस्तिका उघडायची गरजच उरली नाही. सगळी पानं आपापली सुटी झाली.

ती ज्या कंपनीत कामाला होती ती खेळांची पुस्तकं छापायची – टेबलाभोवती बसून खेळायचे खेळ, ज्यात एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि एखाद्याने म्हटलं की मी दरीवरून उडी मारतो, तर ती जमली की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो: वीस पडले तर पलीकडे, एक पडला तर दरीत. ही पुस्तकं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापली गेली होती, दर छपाईला कुणीतरी काहीतरी सुधारलं होतं, आणि आता त्या सगळ्यांचं मिळून संगणकावर एक ग्रंथालय होत होतं, ज्यात कुणीही शब्द टाकावा आणि हवं ते सापडावं. तिच्याकडे थप्प्या लावायचं काम होतं. तोच राक्षस, तोच मंत्र, तोच नियम चार पुस्तकांत चार वेळा आला असेल तर चारही एकावर एक रचायचे, सगळ्यांत नवा वर. शोध फक्त वरचं बघतो.

"मग खालचे गेले?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"गेले कुठे? आहेत की," उंट म्हणाला होता. उंट म्हणजे ग्रंथालयाचं शोधयंत्र लिहिणारा, लांब मानेचा, दिवसभर काहीतरी चघळत असणारा. "आहेत. फक्त सापडणार नाहीत."

आणि तो पुन्हा बिस्किटाकडे वळला होता. दादाला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. भेटायला आलेल्या माणसांनी आत्मा, वस्त्र, प्रवास असं बरंच काही सांगून झालं होतं, पण इतकं नेमकं कुणीच बोललं नव्हतं. तिने ते वाक्य पहिल्या दिवशीच्या सूचनांत लिहून घेतलं होतं, स्वच्छतागृहाच्या दाराच्या कुलपाच्या आकड्याखाली.

काम गमतीचं होतं, निदान सांगताना तरी. एक ड्रॅगन होता, तो दर छपाईला जाड होत होत शेवटच्या आवृत्तीत स्वतःच्याच गुहेच्या दारातून बाहेर पडू शकत नव्हता, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण गुहेचं पान दुसऱ्याने सुधारलं होतं. एक भूत होतं, त्याच्या नोंदीत 'जिवंत आहे का' हा रकाना भरल्याशिवाय यंत्र पुढे सरकेना. तिने 'नाही' भरलं तर यंत्राने भुताला खेळातूनच काढून टाकलं, आणि 'हो' भरलं तर त्याला भूक लागायला लागली. मागे एकदा तिने घाईत एका गावातली दाई आणि एक राक्षसीण एकाच थप्पीत रचली, दोघींचं नाव एक होतं म्हणून, आणि आठवड्याभरात तक्रार आली की बाळंतपणाला बोलावलेल्या दाईने अर्धं गाव खाल्लं.

"बाळ सुखरूप आहे ना?" संपादकबाईंनी चष्मा न काढता विचारलं होतं.

"हो."

"मग पुढच्या छपाईत राहू दे तसंच. लोकांना आवडेल."

हे सगळं ती घरी जाऊन आईला सांगायची आणि आई हसायची – हसायची म्हणजे हसण्याच्या जागी थांबायची – आणि मग विचारायची, "आणि आज त्याचं काही केलंस का गं?"

कारण आई रोज दुपारी, ओटा पुसून झाला, हात कोरडे झाले की टेबलाशी बसून ग्रंथालयात दादाचं नाव टाकायची. एका बोटाने, एकेक अक्षर, शेवटी बटण जरा जोरात दाबून, दाराची बेल वाजवावी तसं. सुरुवातीला दादाच्या नावावर बरंच यायचं: त्याने आणि त्याच्या मित्रांनी कॉलेजात असताना ती पुस्तिका काढली होती, पुढे कंपनीने ती आपल्या पुस्तकांत घेतली, आणि तिच्यातले राक्षस, वाटा, विहिरी पुन्हा पुन्हा छापून आल्या. पण नव्या छपाईवर नाव असतं संपादन मंडळाचं. एकेक थप्पी लागत गेली तसा एकेक दादा खाली गेला, आणि त्या थप्प्या दुसरं कोण लावणार, तीच लावत होती, पगारी.

"पूर्वी पान भरायचं," काल आई म्हणाली होती. "आता एकच येतं."

"नव्या छपाया वर येतात ना आई."

"ते कळलं गं मला." मग थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, "मी नाव नीट टाकते ना? की माझंच काही चुकतंय?"

ते एकच उरलेलं आज समोर होतं. पडद्यावर डावीकडे दादाचं, उजवीकडे नवं, आणि खाली यंत्राचा प्रश्न, नेहमीसारखाच सभ्य: *हे जुळतंय. जोडायचं?* दोन बटणं. *जोडा. वेगळं ठेवा.*

डावीकडे: टेबलावरून जमिनीवर पडलेला फासा धरू नये. पुन्हा टाकावा.

उजवीकडे: टेबलावरून जमिनीवर पडलेला फासा जसा पडला तसा धरावा. पुन्हा टाकू नये.

...ती आठ-नऊ वर्षांची असेल. दादा गोष्ट सांगणारा, आणि खेळणारी ती एकटी, कारण त्याचे मित्र क्लासला जायचे आणि तिला मैत्रिणी नव्हत्या, हे दोघांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिची एक शूर बाई होती, जिला तलवार होती, घोडा होता, आणि जिन्याची भीती होती, कारण तिला स्वतःला जिन्याची भीती होती आणि शूर बाईला ती का नसावी हे तिला समजत नव्हतं. जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. फासा टाकायचा, तो गडगडायचा, एक पडायचा – शूर बाई आता मेलीच – आणि तेवढ्यात टेबल जरासं हलायचं, फासा कडेवरून खाली जायचा, आणि दादा छताकडे बघत म्हणायचा, "जमिनीवरचा धरत नाहीत. नियम आहे. टाक पुन्हा." तिला पहिल्यांदा वाटलं, टेबलाचा पाय. मग वाटलं, आपलं नशीब. मग एकदा पेन्सिल पडली म्हणून ती खाली वाकली आणि तिला दादाचा गुडघा दिसला, टेबलाला खालून टेकलेला, तयारीत, मांजर उंदराच्या बिळाशी बसतं तसा... ती वर आली आणि काही बोलली नाही. पुढे कितीतरी वर्षं काही बोलली नाही. शूर बाई कशी कधीच मरत नाही याचं दोघं मिळून मनापासून आश्चर्य करत राहिले.

"हे झालं का?" संपादकबाई मागे उभ्या होत्या. त्यांच्या हातात कुंडी होती. खिडकीतलं रोप त्या उन्हाप्रमाणे ऑफिसभर फिरवत असत.

"बघतेय."

"यात काय बघायचंय? एक नियम, दोन छपाया."

"उलटे आहेत पण. एक म्हणतो धरू नका, दुसरा म्हणतो धरा."

"हो, तो आम्हीच फिरवला. स्पर्धा व्हायला लागल्या ना, तेव्हा. वाईट पडला की लोक मुद्दाम टेबल हलवायचे. लबाडी नुसती." त्यांनी कुंडी तिच्या टेबलावर टेकवली आणि त्यांना डावीकडचं नाव दिसलं, आणि मग सुटी पानं, आणि मग पिन. त्यांचा आवाज खाली आला, पण बोलणं थांबेना, कारण थांबणं जास्त वाईट दिसलं असतं. "तुझ्या भावाचं ना गं हे? आडनाव... हं. जड जात असेल तर राहू दे. मी दाबते. मला काही वाटणार नाही."

तेच तर, तिला म्हणायचं होतं. "नको, करते मी," ती म्हणाली.

"वेगळं ठेवायचं तर ठेव. पण कारण लिहावं लागतं." आणि त्या उन्हाच्या मागे निघून गेल्या.

तिने *वेगळं ठेवा*वर बोट नेलं आणि दाबलं. एक चौकट उघडली. *ही आवृत्ती वेगळी का ठेवावी? थोडक्यात लिहा.* चौकटीत रेघ लुकलुकत होती. लोक सहसा लिहीत – मजकुरात मोठा फरक, किंवा चित्र वेगळं. तिने लिहिलं, आई रोज शोधते. पुसलं. लिहिलं, लबाडी नव्हती. हे तर कारणच नव्हतं, ही तक्रार होती, आणि तीही खरी होती का... लबाडी होतीच की. नियम आधी कुठे होता? गुडघा आधी होता. नियम मागाहून, गुडघा झाकायला – आणि मग त्याने तो छापून टाकला, पिन मारून, म्हणजे कुठल्यातरी अनोळखी घरात कुणीतरी आपल्या धाकट्या बहिणीसमोर छताकडे बघत म्हणू शकेल, पुस्तकातच दिलंय.

तिला पुढचं आठवायचं नव्हतं. पण रेघ लुकलुकत होती, आणि लुकलुकणाऱ्या गोष्टी तिला त्या खोलीत घेऊन जायच्या.

हॉस्पिटलातलं टेबल पलंगावरून आडवं येणारं होतं, जेवायला. दादा म्हणाला होता, चल, आज तू गोष्ट सांग, मी खेळतो. त्याचा आवाज तेव्हा फार लांबून यायचा, शेजारच्या घरातून कुणी बोलावं तसा. ती सांगत गेली – नदी आहे, पूल नाही, तुला पलीकडे जायचंय – आणि तो म्हणाला, "पोहतो." फासा त्याने टाकला नाही, सोडला. तो गडगडला, पाण्याच्या ग्लासाला टेकला आणि थांबला. एक. आणि मी गुडघा उचलला. मी विचार केला नाही, गुडघ्याने केला, मी फक्त त्याच्या मागे होते – खालून जोरात धक्का दिला, आणि ते टेबल हललं नाही, ते निघालं. त्याला चाकं होती, हे माझ्या लक्षातच नव्हतं. ग्लास, औषधाची वाटी, फासा, सगळं जसंच्या तसं घेऊन ते शांतपणे खोली ओलांडून गेलं, घाईत नसलेल्या पाहुण्यासारखं, आणि शेजारच्या पलंगाला टेकलं. तिथले आजोबा जागे झाले. त्यांनी चष्मा शोधला, लावला, वाकून पाहिलं.

"एक आलाय," आजोबा म्हणाले.

दादा हसायला लागला. हसताना त्याला दुखत होतं, तरी हसत होता, आणि मीही, आणि आजोबांना वाटलं की एक पडणं चांगलं असतं, म्हणून तेही. मग तो दमला, डोळे मिटले आणि म्हणाला –

"टेबलावरच आहे. धरायचा."

"नाही, थांब, टाक पुन्हा, माझा धक्का –"

"धरायचा गं चिमटे. पुरे आता गुडघा."

पुरे आता गुडघा... म्हणजे त्याला माहीत होतं. म्हणजे तेव्हा, पेन्सिल उचलून ती वर आली तेव्हाच त्याला कळलं होतं की हिने पाहिलंय, आणि मग ती सगळी वर्षं तो ती न बोलण्याला सांभाळून घेत होता, ती त्याच्या न सांगण्याला, आणि मधे टेबल होतं... नदीचं पुढे काय झालं ते दोघांनीही विचारलं नाही. नर्स आली आणि टेबल जागेवर लावून गेली.

पडद्यावर डावं आणि उजवं तसंच होतं. सकाळपासून ती उजवीकडे बघत होती ती रागाने, की यांनी दादाचा नियम उलटा केला, चष्म्याच्या आणि कुंडीच्या माणसांनी, ज्यांना काही माहीत नव्हतं. आणि आता ती तेच वाचत होती – जसा पडला तसा धरावा – आणि ते शेजारच्या घरातून आल्यासारखं ऐकू येत होतं. कुठली आवृत्ती दादाची? पुस्तिकेतली, की पलंगावरची? सगळ्यांत नवी वर. हा नियम तिने राक्षसांना लावला होता, विहिरींना लावला होता, एका ड्रॅगनला त्याच्याच घरात अडकवून लावला होता. माणसाला लावला की काय वर येतं, ते तिला आत्ता दिसत होतं, आणि ते वर यायला नको होतं. तो खरंच तसं ठरवून म्हणाला होता, की फक्त तिने थांबावं म्हणून... दमलेला माणूस म्हणतो त्याला आवृत्ती म्हणतात का.

"काय गं, अडलंय?" पलीकडून उंट चघळत म्हणाला.

"नाही."

"कारणच लिहायचंय ना? काहीही लिही. कुणी वाचत नाही ते."

"कुठे जातं ते?"

उंटाने विचार केला. "असतं," तो म्हणाला.

घड्याळात दुपार होती. आता आईचा ओटा पुसून झाला असेल, हात पुसत असेल, आता टेबलाशी बसेल. एका बोटाने, एकेक अक्षर. जोडलं तर वर येईल: *काही सापडलं नाही. वेगळा शब्द टाकून पाहा.* आई खरंच वेगळा शब्द टाकून पाहील. आधी नुसतं नाव टाकेल, मग घरातलं नाव, मग त्याला रागावताना मारायची ती हाक. आणि नाही जोडलं, तर दोन्ही राहतील, एकाच नियमाची दोन टोकं, आणि कुणी शोधणारा विचारेल, मग नक्की काय करायचं, धरायचा की नाही?

तिने चौकटीत लिहिलं, दोन्ही त्याचीच आहेत. ते तिने पुसलं नाही. पाठवलंही नाही.

मग तिला कळलं की आपला गुडघा दुखतोय. तो टेबलाला खालून टेकलेला होता, घट्ट, तयारीत; आज सकाळपासून की केव्हापासून, हे तिला सांगता आलं नसतं. कडेला ठेवलेली पिन बारीक थरथरत होती. ती पिनेकडे बघत राहिली, ती पडत नव्हती आणि थांबतही नव्हती, आणि तिने श्वास धरून, हळू, टेबलाला कळू नये इतक्या हळू, पाय खाली न्यायला सुरुवात केली.