लेकीच्या घरचं पाणी

तात्या आफ्रिका पाहून आले आणि नागावात दुसऱ्या कुणाला तोंड उघडायची सोय राहिली नाही. रेवसला लाँचमधून उतरले तेव्हाच सामान उचलणाऱ्या हमालाला त्यांनी सिंहाची हकीगत ऐकवली होती. मग वैशाख, जेठ आणि सगळा पावसाळा मंडळी पडवीत बसून सुपारी कातरत तेच ऐकत होती. सिंह पहिल्या खेपेला शंभर हात लांब होता. श्रावण येईपर्यंत तो मोटारीच्या टपावर बसायचा तेवढा बाकी राहिला.

तात्यांच्या पत्नी सत्यवतीबाई माजघरातून ऐकायच्या. त्यांनीही तेच सिंह पाहिले होते, तेच गुलाबी पक्ष्यांनी भरलेलं तळं पाहिलं होतं. पण त्यांना कुणी काही विचारत नसे. एकदा वाडीत नारळीच्या झावळ्यांची झापं विणणाऱ्या बायजानं तेवढं विचारलं.

"वयनी, कुमुदताईचं घर कसं हाय तिकडं?"

उत्तर पडवीतून आलं. "अगं, बंगलीच म्हण! लाल कौलं, पुढे व्हरांडा, दोन्ही अंगाला गुलाब."

बायजाचं समाधान झालं. सत्यवतीबाईंचं काही झालं नाही. कारण तात्यांनी सांगितलं ते रस्त्यावर उभं राहिलं की दिसतं, तेवढंच होतं.

कुमुद लग्न होऊन नैरोबीला गेली त्याला सात वर्षं झाली होती. जावई तिथे रेल्वेच्या कचेरीत. मूल नव्हतं. आणि नातू झाल्याशिवाय लेकीच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा तात्यांच्या घरातला नेम. बोटीवर बसताना घातलेला कोट तात्यांनी साहेबासारखा मिरवला, समुद्र ओलांडायला त्यांची हरकत नव्हती, पण नेम म्हणजे नेम. मुक्काम त्यांनी गुजराती लोकांच्या धर्मशाळेत केला. सत्यवतीबाई तिथे स्टोव्हवर भात-आमटी रांधायच्या. सकाळी जावई मोटार घेऊन हजर व्हायचे, शेजारी कुमुद. मग दिवसभर देश बघायचा.

जावयांना नावं ठेवायला जागाच नव्हती. दार उघडून धरायचे, तात्यांना हाताला धरून चढ चढवायचे, डोंगरांची नावं सांगायचे. कुमुदला काही विचारलं की त्याचं उत्तरही जावईच द्यायचे. तीन आठवड्यांत मायलेकी दोघीच अशा घटकाभरसुद्धा बसल्या नाहीत. हे सत्यवतीबाईंच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. आता रोज येत होतं.

मोटार दोनदा कुमुदच्या घरापाशीही थांबली. तात्या व्हरांड्याच्या पायरीवर टेकले, घसा कोरडा पडला तरी पेला हातात घेतला नाही. कुमुद म्हणाली, "तात्या, हवं तर ताटापाशी रुपया ठेवा. विकतचं जेवलात असं समजा." तात्या हसले. जावईही हसले. दुसऱ्या खेपेला तिनं आईचं मनगट धरलं.

"आई, जेवू नकोस. नुसती स्वयंपाकघरात ये. आमटीला फोडणी कशी घालतेस ते दाखव."

कुमुदच्या हातची आमटी अख्ख्या नागावात नावाजलेली होती. सत्यवतीबाई म्हणाल्या, "तुला गं काय शिकवायचं?" आणि तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला. जावयांना तळ्यावर उजेडी पोचायचं होतं. कुमुदनं मनगट सोडलं.

निघायच्या दिवशी सत्यवतीबाईंनी ओटी भरायला खण-नारळ काढला. हा नारळ त्यांनी आपल्या वाडीतून नेला होता. कुमुद चार हात लांब उभी राहिली. "आज नको आई. मी बाहेरची आहे." त्या दिवसांत ओटी भरत नाहीत आणि शिवतही नाहीत. त्यामुळे लेकीला पोटाशी न धरताच सत्यवतीबाई निघाल्या, आणि नारळ परत नागावला आला. तो चैत्र होता.

भाद्रपदात, गौरी-गणपती होऊन चार दिवस झाले असतील, आफ्रिकेचं पत्र आलं. तात्यांनी ते पडवीत उभ्यानंच वाचलं आणि ओरडले, "नातू झाला! अगं, नातू!" लगेच माणूस पेढ्यांना अलिबागला पिटाळला. मंडळी जमल्यावर पत्र पुन्हा मोठ्यानं वाचलं. जावयांनी लिहिलं होतं, की ईश्वरकृपेने पुत्ररत्न झाले, कुमुद बाळात रमली आहे, आता आपला नेम फिटला. खाली कुमुदच्या अक्षरात एकच ओळ होती. 'आई, आता नातू झाला. आता तरी जेवायला ये.'

"बघा, लेकीला काय हौस!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

सत्यवतीबाईही हसायला गेल्या. मग नकळत अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. वैशाख, जेठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद. पुन्हा मोजलं. आकडा पाचावरच थांबत होता.

त्यांनी तात्यांना आत बोलावलं. "अहो, ते मूल कुमुदचं नाही."

"काय बोलतेस?"

"आपण निघालो त्या दिवशी ती बाहेरची होती. पाच महिने झाले त्याला."

"तुझी काहीतरी चूक होत असेल."

"मी आई आहे तिची. ओटी भरली नाही मी. तो नारळ अजून देवघरात आहे, बघा जाऊन. घरात दुसरी बाई होती, तिचं ते मूल. म्हणून पोर मला आत बोलवत होती. आपण पायरीवर बसून राहिलो." त्या तात्यांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. "चला, घेऊन येऊ तिला. वाडी विका हवी तर."

तात्या खाली बसले. त्यांना कळलं होतं. कळत नसतं तर बरं झालं असतं, असं सत्यवतीबाईंना त्यांच्या तोंडाकडे पाहून वाटलं.

"आणून तिला काय सांगायचं लोकांना?" ते हळूच म्हणाले. "आणि ती आता मूल सोडून येईल थोडीच? रमलीय असं लिहिलंय ना." मग उठून त्यांनी धोतराचा सोगा सारखा केला. "नातू तो नातू. हे पुन्हा बोलायचं नाही." पेढ्यांचं ताट उचलून ते बाहेर गेले.

सत्यवतीबाईंना रडू आलं नाही. लेक तिकडे जिवंत होती, दुसरीचं पोर मांडीवर घेऊन आईची वाट बघत होती, आणि आई जाणार नव्हती. यात फरक पाडेल असं जगात कुणी उरलं नव्हतं.

मागच्या दाराशी बायजा पेढा घेऊन उभी होती. "वयनी, लई ब्येस झालं! आता जाल तवा पोटभर जेवाल लेकीकडं."

"आता कुठलं जाणं, बायजा."

"न्हाय गेलात तरी चालंल. येकदा जाऊन घर तर डोळ्यांनी बघून आलाय न्हवं?"

पडवीत कुणीतरी सिंहाचं काढलं होतं आणि तात्यांनी घसा खाकरून सुरुवात केली होती. सत्यवतीबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"नाही गं पाहिलं," त्या म्हणाल्या. "दारातून परत आले मी. ती आत ये म्हणत होती."

बायजाच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"मनगट धरून म्हणत होती."